बाबांच्या अंगठ्याखालचं रबर

माझ्या पहिल्या जपानी रबराला मी खळ लावली. तेव्हा सगळे हसले होते, आज मीच हसतो. झालं असं, की नागपुरात सदर भागातल्या हॉलमध्ये आम्हा पोरांना टेबल टेनिस शिकवणारे फ्रान्सिस सर, जे दिवसा तारऑफिसात काम करत आणि संध्याकाळी फुकट आमचे हात वळवत, त्यांनी कुणा मोठ्या खेळाडूनं काढून टाकलेलं लाल रबर मला दिलं. खाली पिवळा स्पंज, वर गुळगुळीत लाल कातडं. वर्तमानपत्रात गुंडाळून देताना त्यांनी सांगितलं होतं की पंक्चरच्या सोल्यूशननं नीट चिकटव. घरी आलो तर सोल्यूशनची नळी वाळून कडक झालेली. आणि समोर चुलीजवळ गंजभर ताजी, कोमट खळ तयार होती. आम्ही तांडापेठेतले विणकर. ताण्याच्या सुताला ताठ करायला पिठाची ही खळ पाजायची, पतंग त्यानंच चिकटवायचे, देवाच्या तसबिरीचा कागद त्यानंच. चिकटवायचं म्हटलं की दुसरं काही डोक्यात येतच नसे. मी स्पंजाला चांगली दोन बोटं खळ थापली, फळीवर दाबून बसवला आणि बॅट उन्हात ठेवून दिली. स्पंज ती सगळी प्यायला. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये पहिला चेंडू त्यावर पडला तो पाटावर पडल्यासारखा टक्क वाजून थेट खिडकीतून बाहेर गेला. सरांनी बॅट हातात घेतली, नखानं वाजवली, आणि इतकंच विचारलं की यात तू पापड भाजलेस का.

रडवेला होऊन घरी आलो. आमच्या घरात पुढच्या खोलीत दोन माग होते, जमिनीत खड्डा करून पाय आत सोडून बसायचे. एकावर बाबा बसत. दुसरा मोठ्या भावाचा होता, पण तो पॉवरलूमवर काम करायला भिवंडीला निघून गेला होता आणि त्या खड्ड्यात मायनं कांदे ठेवले होते. दिवसभर धोट्याचा आवाज. उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे, खटक, खटक. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्याच घरात असा आवाज असतो, आणि ज्यांच्याकडे नसतो त्यांच्याकडे कुणीतरी वारलेलं असतं. पुढे टेबल टेनिसचा आवाज मला इतका आवडला त्याचं कारणही तेच असावं. माय मागच्या पडवीत पाट्यावर मसाला वाटायची: भाजलेलं खोबरं, खसखस, काळी मिरी. रविवारी आमच्याकडे असा तिखट रस्सा व्हायचा की पाहुण्यांच्या कपाळाला घाम यायचा आणि बाबा तेवढ्यानं खूश व्हायचे.

बाबांनी त्या दिवशी माग थांबवला, बॅट घेतली आणि अंगठ्यानं दाबली. बाबांचा अंगठा हे आमच्या घरातलं एक वजनदार माणूसच होतं. सुताला खळ कमी झाली की जास्त, ताणा किती ओढला गेला, गहू पुरते वाळले का, हे सगळं तो अंगठा सांगायचा. त्यांनी रबर मधोमध दाबलं, मग कडेला, मग डोळे मिटून पुन्हा मधोमध.

"खळ पाजली गा तू याले? हे का सूत होय?" ते म्हणाले. मग बॅट माझ्या हातात देत म्हणाले, "आता हे चेंडूले बसूच देत नाही. टेकला का उडाला."

त्यांनी आयुष्यात बॅट धरली नव्हती. पण जे सांगायला फ्रान्सिस सरांना महिना लागला ते बाबांनी त्या एका वाक्यात सांगितलं. नरम स्पंजात चेंडू क्षणभर रुततो, रबर त्याला धरून ठेवतं, तेवढ्या वेळात हात खालून वर घासत नेला की चेंडूला फिरकी बसते आणि तो पलीकडे जाऊन खाली कोसळतो. वेग थोडा कमी, पण विश्वासाचा फटका. कडक स्पंज चेंडूला थारा देत नाही. घासायला जाल तर जाळीत. सपाट माराल तर बंदुकीच्या गोळीसारखा. आणि समोरून आलेला वेग नुसती बॅट धरली तरी तसाच्या तसा परत. म्हणजे हात कसा चालवायचा हे तुम्ही नाही, तुमचं रबर ठरवतं. आता म्हणे पाकिटावरच कडकपणाचा आकडा छापलेला असतो आणि पोरं तो वाचून दुकानदाराशी भांडतात. आमच्याकडे आकडा नव्हता, अंगठा होता.

मी ती बॅट तशीच ठेवली. दुसरं रबर मिळणार कुठून? कडक रबरावर जमेल तो खेळ मी शिकलो: टेबलाला चिकटून उभं राहायचं, समोरच्यानं मारायचं, आपण नुसती बॅट आडवी धरायची. माझा स्वभावही तसाच, स्वतःहून काही न करण्याचा, त्यामुळे जमलं. हॉलमधली पोरं मला 'कोष्ट्याची भिंत' म्हणू लागली. आणि खळीची गोष्ट पसरली तशी बाबांच्या अंगठ्याचीही पसरली. रविवारी सकाळी दोनतीन पोरं सायकली टेकवून आमच्या दारात उभी राहू लागली. बाबा माग थांबवून एकेक बॅट दाबत. हे उन्हात ठेवलं होतं, याचं वरचं कातडं मेलं आहे. हे नरम आहे, याच्यानं मारू नको, उचल. पोरं खाली मान घालून ऐकत. माय आतून पोह्यांवर तर्री घालून पाठवायची. मला त्या वेळी छाती फुगल्यासारखं वाटायचं, हे कबूल करायला हवं, कारण पुढचं जे मी सांगणार आहे त्यात माझं कबूल करण्यासारखं फारसं काही चांगलं नाही.

त्या पोरांत मिलिंद होता. इंदोऱ्याचा. त्याचे वडील मिलमध्ये होते, घरात पाच भावंडं. मी तांडापेठेतून, तो इंदोऱ्यातून निघायचा, कडबी चौकात आम्ही भेटायचो आणि तिथून सदरपर्यंत सायकली बरोबर. त्याचं रबर नरम होतं, आणि हात असा सुंदर की चेंडू उचलताना तो टेबलावरून काहीतरी पुसून घेतोय असं वाटायचं. संध्याकाळी, हॉल तापलेला असताना, त्याला मी दहातून तीनदा हरवायचो. आमची मैत्री चांगली होती. त्याच्याकडे गेलो की त्याची आई भाकरीबरोबर जवसाची चटणी द्यायची. हे सगळं मी मुद्दाम लिहितोय, म्हणजे पुढे मी त्याच्याविषयी जे मनात धरलं ते किती बिनबुडाचं होतं ते कळेल.

अकरावी झाल्यावर एक गोष्ट कानावर आली. रेल्वेत खेळाडूंसाठी जागा निघणार होत्या, आणि ज्याच्याकडे विदर्भाच्या संघातून खेळल्याचा कागद असेल त्याचाच अर्ज पुढे जाणार होता. संघात चार पोरं घ्यायची. तिघं ठरल्यासारखीच होती. चौथ्या जागेसाठी निवड सामने. सगळ्यांना हरवत मी आणि मिलिंद शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलो. जो जिंकेल तो संघात. मला त्या नोकरीची हाव होती असं म्हटलं तर कमी पडेल. मला त्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं नव्हतं. सुताला भाव नव्हता, पॉवरलूमनं आमचं लुगडं मागं टाकलं होतं, बाबांचे गुडघे खड्ड्यातल्या ओलीनं सुजायचे, आणि तरी ते अधूनमधून म्हणायचे की दुसरा माग रिकामा आहे, तू बसलास तर बरं. मी बॅट घेऊन हॉलकडे निघायचो. मायनं तर त्या खड्ड्यातले कांदेही काढून ठेवले होते.

सामना थंडीतल्या एका सकाळी आठला होता. नागपूरची थंडी बाहेरच्यांना खोटी वाटते, पण त्या दगडी हॉलमध्ये सकाळी आपला श्वास दिसायचा. बाबा पहिल्यांदाच माझा सामना बघायला आले. स्वच्छ धोतर, अंगावर घोंगडी, डोक्याला मफलर. भिंतीकडच्या बाकावर टोकाला बसले. सर मुद्दाम जाऊन त्यांना नमस्कार करून आले.

तेव्हा एकवीस गुणांचा गेम, पाचातले तीन जिंकायचे. पहिले दोन मी जिंकलो. त्यात माझी काही करामत नव्हती. थंडीनं मिलिंदचा स्पंज आखडला होता. संध्याकाळच्या उकाड्यात जो चेंडूला पोटात घ्यायचा तो आता घेईना. मिलिंद त्याच लयीत हात खालून वर न्यायचा आणि चेंडू जाळीत. पुन्हा उचलायचा, पुन्हा जाळीत. माझं रबर तर बारा महिने थंडीतच असल्यासारखं; मला काही फरक नव्हता. मी भिंत होऊन उभा होतो आणि मनात रेल्वेचा युनिफॉर्म घालून बघत होतो, टोपीसकट. मिलिंदला काय होतंय ते मला कळत होतं. त्याला कळत नव्हतं. तो आपल्या हाताकडे बघत होता, रबराकडे नाही.

दुसरा गेम संपल्यावर तो पाणी प्यायला गेला आणि परत येताना बाबांच्या बाकापाशी थांबला. मी टेबलाच्या या बाजूला टॉवेलनं तोंड पुसत होतो, सगळं ऐकू येत होतं. त्यानं बॅट पुढे केली.

"काका, पाहा ना काय होऊन राहिलं. उचलतो तं जाळीतच जाते."

बाबांनी घोंगडीतून हात बाहेर काढला. अंगठा मधोमध, मग कडेला, मग डोळे मिटून पुन्हा मधोमध. माझ्या घरी, माझ्या बॅटीवर त्यांनी केलं होतं अगदी तसंच. मला वाटलं ते माझ्याकडे बघतील. त्यांनी बघितलं नाही.

"थंडीनं आखडला हा," ते म्हणाले. "चेंडूले बसू देत नाही. घासू नको गा, सरळ मार. ऊन आलं का मंग उचल."

पुढचं लांबवण्यात अर्थ नाही. मिलिंदनं उचलणं सोडलं आणि मारायला लागला. सपाट, कडक, खांद्यातून. आणि माझी भिंत उलटली. इतका वेग माझ्या रबराला पेलवेना. तो जसा यायचा तसाच परत, टेबलाच्या पलीकडे दोन हात. जे रबर दोन वर्षं मला वाचवत होतं तेच आता चेंडू बाहेर फेकत होतं. तिसरा गेम गेला. चौथा गेला. चौथ्यानंतर आम्ही बाजू बदलत होतो, त्या बाकासमोरून जावं लागलं. बाबांनी माझ्यासमोर हात पसरला, तळवा वर. बॅट मागत होते. काय सांगणार होते ते मला आज माहीत आहे, आणि खरं म्हणजे तेव्हाही माहीत होतं: मूठ सैल सोड, हात जरा मागं घे, वेग मरू दे. मी बॅट काखेत दाबली आणि पुढे गेलो. त्यांचा हात थोडा वेळ तसाच राहिला, मग घोंगडीत गेला. पाचवा गेम मी अकरावर हरलो.

घरी येताना ते सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसले होते, कारण दुसरी सायकल नव्हती. म्हणजे ज्या माणसाचं तोंड बघायचं नव्हतं त्यालाच मी तासभर ओढत आणलं. मायनं जिंकल्याचा रस्सा करून ठेवला होता. हरल्याचा वेगळा कुठून करणार? जेवताना तिनं विचारलं, आणि मी सगळं सांगितलं. माय घास हातात धरून बाबांकडे बघत राहिली. म्हणाली, काहून सांगतलं तुमी त्याले? घरच्या पोराचं सोडून?

"त्यानं इचारलं," बाबा म्हणाले. "त्याची वस्तू होती. खोटं कसं सांगू?"

आयुष्यात मी ताट सारून उठलो तो तेवढा एकदाच. आणि उभं राहून, वरून, खाली बसलेल्या त्या माणसाला म्हणालो, "तुमचा अंगठा तुमच्या सुतावर ठेवा. आजपासून माह्या कोन्त्याच वस्तूले हात लावू नका."

बाबांनी भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला, खाल्ला, हात धुतला. थोड्या वेळानं धोट्याचा आवाज सुरू झाला.

मी मागावर बसलो. तीन वर्षं बसलो. खड्डा माझ्या मापाचा निघाला, याचंच जास्त वाईट वाटलं. पुढे आमच्या आळीतले माग एकेक करून थांबले आणि मी सदरमध्ये एका हातमागाच्या दुकानात कापड दाखवायला लागलो. अजून तेच करतो. गिऱ्हाइकांपुढे थान उलगडताना मी इतकं गोड बोलतो की घरचे ऐकतील तर ओळखणार नाहीत. मिलिंद रेल्वेत लागला. तो दरवर्षी दिवाळीच्या सुमारास काटोलची संत्री घेऊन बाबांकडे यायचा आणि बॅटही आणायचा. बाबा पडवीत बसून त्याचं रबर दाबायचे, त्याची संत्री दाबायचे, यातलं हे आज खा, हे चार दिवसांनी. दोघं हसायचे. मी आतल्या खोलीत काहीतरी महत्त्वाचं काम असल्यासारखा बसायचो. एकदा मिलिंद आत येऊन माझ्याजवळ बसला. म्हणाला की वसंता, मी काकांना विचारायला नको होतं का? मी म्हणालो, छे, असं काय. त्यानंतर तो आत आला नाही.

एक संशय मी कित्येक वर्षं पाळला, दूध पाजून. रिकामा माग भरावा म्हणून तर बाबांनी सांगितलं नसेल? मी हरलो तर घरी बसणार, हे त्यांना ठाऊक होतं. ऐन संतापात मला हे खरं वाटायचं, आणि संताप उतरला की लाज वाटायची, आणि लाजेतून बाहेर पडायला पुन्हा संताप बरा वाटायचा. विचारलं मात्र कधीच नाही. विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं, हीच तर अडचण होती.

आणि बाबांनी माझं बोलणं पाळलं. मी नवी सायकल घेतली, त्यांनी टायर दाबून बघितला नाही. मी गादी भरून आणली, ते दारात उभे राहून म्हणाले चांगली दिसते. बाजारातून मी पेरू आणले की माय निवडून देईल ते खायचे, स्वतः टोपलीत हात घालत नसत. सुरुवातीला मला त्यात एक दुष्ट समाधान वाटायचं. मग सवय झाली, आणि सवय झाली की दिसत नाही. शेवटच्या आजारात ते अंथरुणावर होते तेव्हा चादरीचा काठ सारखा अंगठ्यानं चाचपत. मी जवळ गेलो की हात थांबायचा. चादर मी आणलेली होती.

हे सगळं मी बायकोला कधी सांगितलं नव्हतं. लग्न होऊन ती उमरेडहून आली तेव्हा ही गोष्ट घरात जुनी झाली होती, आणि माय, बाबा, मी, तिघांपैकी कुणालाच ती काढायची नव्हती. बाबा गेले, नंतर माय गेली. परवा माझ्या आठवणींतलं हे प्रकरण लिहून झालं, आणि मला स्वतःच्या लिहिण्याचं जरा कौतुक वाटलं म्हणून मी तिला वाचून दाखवलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. खळीच्या जागी हसली. सायकलवरून बाबांना ओढत आणल्याच्या जागीही हसली. पुढे हसली नाही. वाचून झाल्यावर मी वाट बघत बसलो, तर ती शेंगाच सोलत राहिली. मला वाटलं, आवडलं नाही. मग तिनं सूप बाजूला ठेवलं.

"बस्त्याले मामाजी आले होते," ती म्हणाली. "दुकानदारानं माह्या लग्नाच्या साडीचा पदर त्याईच्या समोर धरला. अन् त्याईनं दोन्ही हात मागं नेले. जन्मभर लुगडी विनलेला मानूस, सुनेच्या साडीले हात लावत नाही. मले वाटलं, मी पसंत नाही त्याईले. सोळा वर्सं मी तेच मनात धरून त्याईले जेवाले वाढलं."